घरच्या इंटरनेटची नोंदवही

महात्मा गांधी ३० एप्रिल १९३६ रोजी वर्ध्याजवळच्या सेगावात राहायला गेले आणि त्यांच्या टपालाचा घोळ सुरू झाला. नागपूर-भुसावळ लोहमार्गावर बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव होतेच. वर्ध्याच्या या लहानशा गावाची पत्रे तिकडे जाऊन पडत. अखेर मार्च १९४० मध्ये सेगावचे सेवाग्राम झाले. नावावरून नेमका पत्ता सापडावा, एवढीच ती गरज होती. इंटरनेटचीही गरज तीच, फक्त तिथले पत्ते म्हणजे आकडे असतात. सुरुवातीला नेटवर्कवरच्या सगळ्या संगणकांची नावे आणि आकडे कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत एकाच फाइलमध्ये ठेवलेले असत. संगणक वाढत गेले, ती फाइल सांभाळणे हाताबाहेर गेले, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा कारभार जगभर वाटून देणारी व्यवस्था मांडली. तीच डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. आज फोनवर सातबारा पाहायचा असो की हिंगणघाटच्या बाजार समितीतला कापसाचा भाव, फोन आधी डीएनएस सर्व्हरला विचारतो की या नावाचा आकडा काय. उत्तर आल्याशिवाय पुढचे काहीच होत नाही.

बहुतेक घरांत ही विचारणा राउटरमधून इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीकडे किंवा गूगलसारख्या मोठ्या सर्व्हरकडे जाते आणि घरात तिचा मागमूस उरत नाही. पण तंत्राची थोडी आवड असलेल्या घरांत आता स्वतःचा डीएनएस सर्व्हर बसवला जातो. तळहाताएवढा रास्पबेरी पाय संगणक, त्यावर पाय-होल किंवा अ‍ॅडगार्ड होम हे मोफत सॉफ्टवेअर, आणि राउटरला सांगायचे की यापुढे सगळ्या विचारणा याच्याकडे पाठव. जाहिराती आणि माग काढणाऱ्या सेवांची नावे विचारली गेली की हा सर्व्हर खरे उत्तर देतच नाही, त्यामुळे घरातल्या प्रत्येक फोनवरच्या जाहिराती बऱ्याच कमी होतात. ही सोय चांगली आहे, आणि ती करणाऱ्यांना नावे ठेवण्याचा इथे हेतू नाही. मात्र या सोयीबरोबर घरात एक नोंदवहीही येते. कोणत्या वेळी, घरातल्या कोणत्या उपकरणाने, कोणते नाव विचारले, आणि त्याला उत्तर दिले, पुढे पाठवले की अडवले, हे सारे ओळीने लिहिले जाते. चार-पाच माणसांच्या घरात दिवसाकाठी अशा हजारो ओळी सहज जमतात. त्या किती दिवस ठेवायच्या, कोणी पाहायच्या आणि कधी पुसायच्या, याचा विचार सर्व्हर बसवताना सहसा कोणी करत नाही. तो करायला हवा. ही वही नेटवर्कची दुखणी शोधण्यासाठी आहे, माणसांची वागणूक तपासण्यासाठी नाही. म्हणून ती थोड्या दिवसांचीच असावी, आणि ती आहे हे घरातल्या प्रत्येकाला माहीत असावे.

आधी तिचा खरा उपयोग पाहू, कारण तो मोठा आहे. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला. संगणकात शिरल्यावर तो आधी एका लांबलचक, निरर्थक नावाचा पत्ता विचारी. तिथून प्रतिसाद आला तर काम थांबवी, नाहीतर फाइली कुलूपबंद करी. मार्कस हचिन्स या ब्रिटिश तरुण संशोधकाने ते नाव त्याच दिवशी स्वतः नोंदवले आणि साथीचा जोर ओसरला. ज्या नेटवर्कच्या डीएनएस नोंदीत ते नाव दिसले, तिथे लागण झालेला संगणक कुठला हे त्या एका ओळीवरून कळत होते. आणि संशयास्पद म्हणून ते नाव ज्यांनी अडवले, त्यांनी विषाणूला थांबवणारा प्रतिसादच तोडला; म्हणजे काय अडवले जात आहे हे पाहण्यासाठीही नोंद लागतेच. त्याआधीचा, २००८ मध्ये आलेला कॉन्फिकर तर आपल्या चालकाशी बोलण्यासाठी रोज २५० नवी नावे तयार करी, आणि पुढच्या आवृत्तीत रोज ५०,०००. अशा संगणकाची नोंद पाहिली तर ‘असे नाव अस्तित्वात नाही’ या उत्तरांची रांगच दिसते. रोजच्या तक्रारीही इथेच सुटतात. बँकेचे अ‍ॅप अचानक उघडेनासे झाले, तर जाहिरातींच्या यादीत त्याचे एखादे नाव चुकून अडकले आहे का, हे शेवटच्या पाच मिनिटांच्या नोंदीवरून समजते. रात्री सगळे झोपलेले असताना टीव्ही किंवा कॅमेरा कुणाशी बोलत आहे, हेही तिथेच दिसते.

या उदाहरणांत किती जुनी नोंद लागली ते मोजून पाहावे. बिघडलेल्या अ‍ॅपसाठी काही मिनिटे, टीव्हीच्या सवयी ओळखण्यासाठी दोन-तीन रात्री, विषाणूचा संशय आला तर चार-आठ दिवस. वर्षभरापूर्वीच्या एखाद्या मंगळवारी दुपारी घरातल्या दुसऱ्या फोनने काय विचारले, याचा नेटवर्कच्या दुरुस्तीशी काही संबंध उरत नाही. तरीही या सॉफ्टवेअरची मूळ मांडणी दीर्घ मुदतीचीच आहे. पाय-होलच्या जुन्या आवृत्तीत ही नोंद वर्षभर राहत असे. नव्या आवृत्तीत ती ९१ दिवसांवर आणली आहे. अ‍ॅडगार्ड होम ती ९० दिवस ठेवतो. हे आकडे घरमालकाने ठरवलेले नसतात. सॉफ्टवेअर घातले, जाहिराती थांबल्या, समाधान झाले, आणि सेटिंगचे ते पान पुन्हा कुणी उघडले नाही, इतकेच त्यामागे असते. आता दुसरी बाजू बघा. गूगलचा ८.८.८.८ हा सर्व्हर २००९ पासून जगभरच्या लोकांना उत्तरे देतो. ज्या नोंदीत विचारणाऱ्याचा पूर्ण पत्ता असतो ती २४ ते ४८ तासांत पुसतो, असे गूगलचे जाहीर धोरण आहे. १ एप्रिल २०१८ रोजी सुरू झालेला क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ साधारण एका दिवसात पुसतो. त्यानंतरही या कंपन्यांकडे ओळख काढून टाकलेली माहिती उरते, आणि त्यांच्या हेतूंबद्दल शंका घ्यायला जागा आहे. पण इतके प्रचंड जाळे सांभाळायला ओळख पटेल अशी नोंद एक-दोन दिवसच पुरते, ही गोष्ट त्यातून सिद्ध होते. मग वर्ध्याच्या रामनगरातल्या सात-आठ उपकरणांच्या घराला तीन महिने कशासाठी लागावेत?

दीर्घ नोंदीने नुकसान काय, असे कुणी विचारेल. पहिले नुकसान असे की ती वाचणाऱ्याला जितकी खात्रीची वाटते तितकी ती नसते. डीएनएस सर्व्हरला पाकिटावरचे गाव दिसते, आतला मजकूर दिसत नाही. एखाद्या संकेतस्थळाचे नाव दिसले म्हणजे त्यावर काय वाचले हे कळले असे नव्हे. ते नाव माणसाने विचारले की एखाद्या पानावरच्या जाहिरातीने, अ‍ॅपने पार्श्वभूमीवर, किंवा पुढच्या दुव्याची तयारी म्हणून ब्राउझरने आपणहून विचारले, हेही त्या ओळीत लिहिलेले नसते. एकदा मिळालेले उत्तर फोन काही वेळ लक्षात ठेवतो, त्यामुळे दहा वेळा उघडलेले संकेतस्थळ एकदाच दिसेल आणि कधीच न उघडलेले पाच वेळा. शिवाय अँड्रॉइडवर २०१८ पासून खासगी डीएनएसची सोय आहे, काही ब्राउझर विचारणा सांकेतिक करून थेट बाहेर पाठवतात. त्या घरच्या वहीत उमटतच नाहीत. फोन त्या वेळी कुणाच्या हातात होता, हे तर कुठलाच सर्व्हर सांगू शकत नाही. आणि वेळेचेही तसेच. रास्पबेरी पायच्या बहुतेक मॉडेलमध्ये बॅटरीवर चालणारे घड्याळ नसते. विदर्भातल्या उन्हाळ्यात, पारा ४५ अंशांच्या वर असताना वीज गेली आणि परत आली, की इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत त्याचे घड्याळ मागेच असते, आणि त्या दरम्यानच्या ओळींवर चुकीची वेळ पडते. अचानक वीज गेल्याने मेमरी कार्डावरचा डेटाबेस खराब होणे ही तर या यंत्रांची नेहमीची तक्रार आहे. सतत लिहिण्याने ते कार्ड झिजते ते वेगळेच.

दुसरे नुकसान अधिक गंभीर. नोंद पुरावा म्हणून कच्ची असली तरी संशयाला ती पुरून उरते. वर्धा हा विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या जिल्ह्यांपैकी एक. १० ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची सेवा सुरू आहे. १४४१६ हा तिचा क्रमांक. रात्री दोन वाजता घरातल्या कुणी त्या सेवेचे संकेतस्थळ उघडले, तर घरच्या नोंदीत ते नाव वेळेसह उमटते. ज्याला मदत हवी आहे त्याला आपण काय शोधतो हे सकाळी कुणीतरी वाचणार असे वाटले, तर तो शोधणारच नाही. गर्भनिरोधकांची माहिती पाहणारी सून, दुसरी नोकरी शोधणारा मुलगा, कर्जवसुलीच्या नोटिशीचा अर्थ समजून घेणारा बाप, स्वतःला झालेल्या आजाराचे नाव कुणालाही न सांगता त्याबद्दल वाचणारी आई, यांतल्या कुणीही गुन्हा केलेला नाही. प्रत्येकाला आपली गोष्ट आपल्या वेळी, आपल्या शब्दांत सांगण्याचा हक्क आहे. घरातला एकच जण त्या सर्वांच्या आधी ती वाचू शकतो, तेव्हा घरातले नाते बिघडते, मग त्याचा हेतू कितीही चांगला असो.

वर्ध्यात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. सावंगी (मेघे) आणि सेवाग्राम इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांमुळे, हिंदी विश्वविद्यालयामुळे आणि शहरातल्या इतर महाविद्यालयांमुळे बाहेरगावची मुले-मुली इथे खोल्या घेऊन राहतात. वरच्या मजल्यावर विद्यार्थी, खाली घरमालक आणि दोघांना मिळून एकच वायफाय, अशी व्यवस्था असेल तिथे घरमालकाचा डीएनएस सर्व्हर परक्या माणसांची नोंद ठेवत असतो, आणि त्यांना बहुधा ते ठाऊकही नसते. कायद्याच्या दृष्टीने इथे फरक पडतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. पण खोलीच्या भाड्यात इंटरनेटचे पैसे धरून विद्यार्थ्यांना ते पुरवणे घरगुती कारणात बसेल, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे. आणि सूट मिळाली तरी हक्क नाहीसा होत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमताने निर्वाळा दिला. त्या पीठावर नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते. आपल्या स्वतंत्र निकालपत्रात त्यांनी दाखवून दिले की घर कसे बांधावे म्हणजे आत राहणाऱ्यांचा खासगीपणा राखला जाईल, याचा विचार गृह्यसूत्रांतही आहे. खासगीपणा ही परदेशातून आलेली चैन आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी तो भाग जरूर वाचावा.

यावर सर्वात जोरदार आक्षेप आईवडिलांचा असतो, आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. मुले इंटरनेटवर काय पाहतात याची काळजी करणे हे त्यांचे कामच आहे. पण अडवणे आणि नोंद ठेवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जुगाराची, अश्लील किंवा फसवणुकीची संकेतस्थळे याद्या लावून अडवता येतात, आणि त्यासाठी कुठलीच जुनी नोंद लागत नाही. याच २०२३ च्या कायद्याने १८ वर्षांखालील मुलांचा माग काढण्यास आणि त्यांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास कंपन्यांना, काही अपवाद सोडून, मनाई केली आहे. कंपनीने जे करू नये ते आईवडिलांनी कधीच करू नये असे मी म्हणणार नाही. सहा वर्षांच्या मुलाच्या टॅबलेटवर नजर ठेवणे आणि सोळा वर्षांच्या मुलीच्या तीन महिन्यांच्या विचारणा तिच्या नकळत चाळणे यांत मात्र जमीन-अस्मानाचे अंतर आहे. वय वाढेल तशी पाळत कमी आणि बोलणे जास्त, हा क्रम प्रत्येक समजूतदार घर आपोआप पाळते. आणि ज्या मुलाला नोंद चुकवायची आहे, तो मोबाइलचा डेटा चालू करून वायफायमधून बाहेर पडतो. तो सर्व्हर आईवडिलांना मग काहीच सांगत नाही. धोका खरा असेल तर तो ओळखायला मुलाचा विश्वासच लागतो.

दुसरा आक्षेप पोलिसांच्या नावाने येतो. उद्या भाडेकरूने काही गैर केले आणि चौकशी आपल्या दारात आली, तर जुनी नोंद आपला बचाव करील, असे काहींना वाटते. कंपन्या आणि सेवा पुरवणाऱ्यांसाठी नियम कडक आहेत हे खरे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार त्यांना आपल्या यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस ठेवाव्या लागतात, आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांना परवान्याच्या अटीनुसार ग्राहकांच्या वापराच्या ठरावीक नोंदी किमान दोन वर्षे जपाव्या लागतात. हे बंधन साध्या कुटुंबावर नाही. वसतिगृह धंदा म्हणून चालवणाऱ्याने मात्र आपण त्यात येतो का, हे वकिलाला विचारून घ्यावे. त्याची गोष्ट वेगळी. घरच्या नोंदीचा बचाव म्हणून उपयोग किती, हेही पाहावे. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक नोंद न्यायालयात द्यायची तर प्रमाणपत्र लागते, त्यात तिचे हॅश मूल्यही, म्हणजे फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा आकडाही, द्यावे लागते. ज्या फाइलमध्ये मालक स्वतः हवी ती ओळ घालू किंवा काढू शकतो, ज्यात वीज गेल्यावर वेळा चुकतात आणि फोन कुणाच्या हातात होता ते कळत नाही, तिच्यावर कुणी विसंबून राहू नये. एक भेद मात्र पक्का लक्षात ठेवायला हवा. आधीपासून ठरवलेल्या मुदतीनुसार नोंद आपोआप पुसली जाणे हा शुद्ध व्यवहार आहे. नोटीस आल्यानंतर किंवा तक्रार झाल्याचे कळल्यानंतर पुसणे हा पुरावा नष्ट करण्याचा गुन्हा ठरू शकतो. त्या क्षणापासून मुदतीचा नियम थांबवून आहे ती नोंद जपायची.

कंपनी दोन वर्षे नोंद ठेवतेच, मग घरची पुसून काय साधले, हाही प्रश्न रास्त आहे. कंपनीची नोंद मागायला सरकारी यंत्रणेला कायद्याने घालून दिलेल्या वाटेने जावे लागते. घरची नोंद वाचायला एक पासवर्ड पुरतो, आणि कित्येक घरांत तोही घातलेला नसतो. शिवाय वाचणारा ओळखीचा असतो. माणसाच्या रोजच्या जगण्यावर दूरच्या अधिकाऱ्यापेक्षा घरातल्या माणसाच्या नजरेचा परिणाम कितीतरी जास्त होतो. विषाणू कधीकधी महिनोन् महिने दडून राहतो म्हणून लांब नोंद हवी, या म्हणण्यातही तथ्य आहे. त्यासाठी कोणत्या उपकरणाने काय विचारले हे ठेवायची गरज मात्र नाही. दिवसाला एकूण किती विचारणा झाल्या, किती अडल्या, किती नावे सापडली नाहीत, एवढे आकडे वर्षभर ठेवले तरी एखाद्या आठवड्यात काही विपरीत घडू लागले हे लगेच दिसते. तसे दिसले की तेवढ्यापुरती तपशीलवार नोंद चालू करावी, घरात तसे सांगावे, आणि दोष सापडला की ती पुन्हा थांबवावी.

प्रत्यक्षात हे करायला फार कौशल्य लागत नाही. अ‍ॅडगार्ड होमच्या सेटिंगमध्ये नोंदीची मुदत ९० वरून ७ दिवसांवर किंवा २४ तासांवर आणता येते आणि विचारणाऱ्या उपकरणाचा पत्ता झाकण्याचा पर्यायही तिथेच आहे. पाय-होलमध्ये दिवसांचा आकडा बदलता येतो, आणि खासगीपणाच्या चार पातळ्या आहेत: सगळे दाखवा, नावे लपवा, नावे आणि उपकरणे दोन्ही लपवा, किंवा पूर्ण निनावी. बहुतेक घरांना मी ७ दिवस सुचवेन, कारण आठवड्यातून एकदाच दिसणारा बिघाडही त्यात सापडतो. विद्यार्थी भाड्याने राहत असतील तर त्यांच्या मजल्यासाठी राउटरवर वेगळे नेटवर्क करून त्याची तपशीलवार नोंद मुळीच ठेवू नये. पासवर्ड घालावा, आणि तो घरातल्या किमान दोन प्रौढांना माहीत असावा. मेमरी कार्डाची जी पूर्ण प्रत सुरक्षिततेसाठी काढून ठेवतो, तिच्यात जुनी नोंदही जशीच्या तशी असते. मूळ ठिकाणी पुसून कपाटातली प्रत विसरली तर मुदतीला काही अर्थ राहत नाही. नोंदीत ‘दादाचा फोन’, ‘वरच्या खोलीतली ताई’ अशी नावे उपकरणांना दिलेली असतात, ती सोयीची वाटतात, पण त्यांच्यामुळेच आकड्यांची ओळ एका माणसाची होते. ‘फोन १’, ‘फोन २’ एवढे पुरते. भाडेकरार करताना इंटरनेटविषयी एक वाक्य लिहावे: या घरात डीएनएस सर्व्हर आहे, तो जाहिराती आणि धोक्याची संकेतस्थळे अडवतो, आणि त्याची नोंद इतके दिवस राहते किंवा राहत नाही. वेगळे नेटवर्क करणे जमले नसेल, तर सत्र संपून मुले गावी गेली की त्यांच्या उपकरणांच्या राहिलेल्या नोंदी त्याच आठवड्यात काढून टाकाव्यात.